खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी दगड: स्वस्त कोणता, निर्धोक कोणता

प्रश्न थोडक्यात असा आहे: २०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक, त्यात क्लाउनफिशची जोडी आणि पुढे जमलं तर थोडे मऊ प्रवाळ. लाइव्ह रॉक, म्हणजे जीवाणू आणि सूक्ष्म जीव वसलेला दगड, परवडत नाही. बागेच्या सजावटीसाठी विकतात ते चुनखडीचे दगड फार स्वस्त मिळताहेत, आणि व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर ते फसफसलेही. मग ते घ्यायला हरकत आहे का, आणि २०-२५ किलो पुरतील का?

यात तीन प्रश्न एकात एक गुंतले आहेत. दगडातून पाण्यात काही विषारी उतरेल का? तो दगड जैविक गाळणीचं काम करेल का? आणि टँक सुरू होईपर्यंत त्याच्यावर एकूण खर्च किती बसेल? तिन्हींची उत्तरं एकाच दगडाबाबत वेगवेगळी येऊ शकतात. ग्रॅनाइट पाण्यात काहीच सोडत नाही, पण गाळणी म्हणून जवळपास निरुपयोगी आहे. बंद केलेल्या टँकमधला जुना दगड गाळणी म्हणून उत्तम, पण त्याचा पूर्वेतिहास कळला नाही तर धोक्याचा. म्हणून ‘हा दगड चालतो का’ असं न विचारता प्रत्येक दगडाला हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. नुसते मासेच ठेवायचे असतील तर निवड बरीच सैल ठेवता येते. प्रवाळ, कोळंबी, शंख, अ‍ॅनिमोनी यांपैकी काहीही येणार असेल तर तांब्यासारख्या धातूंबाबत जराही ढिलाई चालत नाही. टँकखाली संप (गाळणीची वेगळी टाकी) असेल आणि त्यात सच्छिद्र सिरॅमिक मीडिया (जीवाणू बसण्यासाठीचे तुकडे) ठेवणार असाल, तर मुख्य टँकमधल्या दगडावरचा भार कमी होतो. आणि दोन-तीन महिने थांबायची तयारी असेल तर खर्च सर्वांत जास्त वाचतो. तुम्ही मऊ प्रवाळांचा विचार करताय, त्यामुळे पुढचं सगळं मी प्रवाळ येणार असं धरूनच सांगतो.

आधी व्हिनेगरची चाचणी, कारण तिच्यावर नको इतका भरवसा ठेवला जातो. व्हिनेगरमधल्या आम्लाने कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. म्हणजे फसफस झाली तर दगडात कार्बोनेट आहे, एवढंच सिद्ध होतं. ही चाचणी मुळात गोड्या पाण्याच्या टँकसाठी कामाची, कारण तिथे असा दगड पाण्याचा कठीणपणा वाढवतो. खाऱ्या पाण्यात कार्बोनेट असलं तर काही बिघडत नाही, नसलं तरीही बिघडत नाही. धातूंबद्दल, फॉस्फेटबद्दल, मुरलेल्या कीटकनाशकांबद्दल ती काहीच सांगत नाही. उलट मॅलाकाइट हे हिरवं खनिज स्वतः तांब्याचं कार्बोनेट आहे आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात तेही फसफसतं. शिसं आणि जस्त यांची खनिजं तर अनेकदा चुनखडीच्याच थरांत सापडतात. त्यामुळे ‘फसफसला म्हणजे सुरक्षित’ हे समीकरण डोक्यातून पूर्ण काढून टाका.

याच्याच जोडीचा दुसरा समज म्हणजे चुनखडी पाण्याचा पीएच धरून ठेवते. निरोगी टँकचा पीएच ८.१ ते ८.३ च्या आसपास असतो आणि त्या पाण्यात चुनखडी किंवा प्रवाळी दगड विरघळत नाही. प्रवाळांच्या टँकला जोडतात त्या कॅल्शियम रिअ‍ॅक्टरमध्ये मुद्दाम कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच ६.५ च्या आसपास उतरवावा लागतो, तेव्हा कुठे आतलं माध्यम विरघळू लागतं. तुमच्या टँकचा पीएच तिथवर गेला तर मासे आधीच संकटात असतील. म्हणून चुनखडी घ्यायची तर ती सच्छिद्र आहे म्हणून घ्या, पीएचसाठी नको.

धोका ओळखायला डोळे आणि एक लोहचुंबक पुष्कळ काम करतात. दगड ओला करून उजेडात फिरवून बघा. हिरव्या-निळ्या रेषा किंवा डाग दिसले तर तांब्याचा संशय घ्या. सोनेरी चमकणारे बारीक कण बहुधा पायराइटचे असतात, आणि पायराइट पाण्यात व हवेत हळूहळू गंजतो तेव्हा त्यातून आम्ल तयार होतं. करड्या रंगाच्या, धातूसारख्या चकाकणाऱ्या चौकोनी कणांत शिसं असू शकतं. गंजाचे पट्टे असलेला किंवा चुंबक ओढणारा दगड विषारीच असतो असं नाही, पण त्यातलं लोह शेवाळाला खतपाणी घालू शकतं, आणि इतर पर्याय असताना तो घेण्याचं कारण नाही. नखाने ओरखडा उठत असेल तर ते जिप्सम असू शकतं. ते फसफसत नाही, पण पाण्यात खरोखर विरघळतं, रचना ढासळते, म्हणून बाद. बोटांनी चोळल्यावर कण सुटतात असा वालुकाश्मही बाद.

बागेसाठी विकलेल्या दगडाबद्दल माझी खरी हरकत खनिजांपेक्षा त्याच्या साठवणुकीबद्दल आहे. तो उघड्यावर, खतांच्या आणि फवारणीच्या औषधांच्या शेजारी पडलेला असतो. बुरशीनाशकांपैकी काही तर सरळ तांब्याचीच संयुगं असतात. भरीव दगडावर हे पृष्ठभागापुरतं राहतं आणि धुऊन बरंचसं जातं. सच्छिद्र दगडात ते आत मुरतं, आणि नेमका सच्छिद्र दगडच आपल्याला हवा असतो. खाणीतून थेट आलेला, कुठून आला हे विक्रेता सांगू शकतो असा चुनखडीचा दगड मी विचारात घेईन. कुठून आला हे माहीत नसलेला नाही, तो कितीही स्वस्त असला तरी.

समुद्रकिनाऱ्यावरून दगड किंवा मृत प्रवाळ उचलून आणण्याचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या. बहुतेक ठिकाणी प्रवाळ आणि प्रवाळी दगड उचलायला कायद्याने बंदी आहे. कठीण प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या, संकटग्रस्त जीवांच्या व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली येतो, म्हणजे तो परवान्याशिवाय करता येत नाही. विकत घेतानाही लाइव्ह रॉक किंवा प्रवाळी दगडाचा स्रोत विचारायलाच हवा. प्रवाळभित्तिका आधीच ढासळत असताना आपल्या टँकसाठी तिचा तुकडा तोडला जाऊ नये, हे मला मनापासून वाटतं. चांगली गोष्ट अशी की आता त्याची गरजही उरलेली नाही.

आता दुसरा प्रश्न, गाळणीचा. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. दगडाच्या पृष्ठभागावर वाढणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या जीवाणूंना प्राणवायू आणि बसायला जागा लागते. दगडाच्या आत, जिथे प्राणवायू कमी पोचतो तिथे, वेगळे जीवाणू नायट्रेटचं नायट्रोजन वायूत रूपांतर करतात, पण हे काम संथ असतं आणि भरपूर अंतर्गत छिद्रं असतील तरच होतं. भरीव दगडाला फक्त बाहेरची कातडी असते. सच्छिद्र दगडात तेवढ्याच आकारात कितीतरी पट जास्त पृष्ठभाग मिळतो.

पण डोळ्यांना भोकं दिसली म्हणजे दगड सच्छिद्र असतोच असं नाही. लाव्हा रॉकमध्ये भोकं पुष्कळ असतात, तरी त्यातली बरीच एकमेकांना जोडलेली नसतात. मोठमोठी भोकं असलेली काही चुनखडी दिसायला जाळीदार असते, पण दोन भोकांमधला दगड काचेसारखा भरीव असतो. म्हणून मोजून बघा. मुठीएवढा पूर्ण कोरडा तुकडा घ्या, वजन करा. एका जागी पाण्याचा एक थेंब टाका: चांगल्या दगडात तो लगेच जिरतो, भरीव दगडावर तसाच राहतो. मग तुकडा २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, बाहेर काढा, मिनिटभर निथळू द्या आणि पुन्हा वजन करा. १ किलोचा १.२ किलो किंवा त्याहून जास्त झाला तर दगड उत्तम. १.०५ किलोच्या आत राहिला तर तो गाळणीच्या हिशोबात धरू नका. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा या चाचणीला पुरतो, आणि मोठी खरेदी करण्याआधी एकच तुकडा आणून ती घरी करता येते.

इथेच किलोच्या भावाची फसगत समजते. दगड विकला जातो वजनावर, पण टँकमध्ये कामाला येतं त्याचं आकारमान आणि त्याचा पृष्ठभाग. भरीव चुनखडीचा १ लिटर आकाराचा तुकडा साधारण २.५ किलो भरतो. हलका, सच्छिद्र प्रवाळी ड्राय रॉक (कोरडा, जीव नसलेला दगड) तेवढ्याच आकाराला साधारण १.२ ते १.५ किलो. म्हणजे दिसायला सारख्याच उंचीची, सारख्याच रुंदीची रचना करायला एकाचे १२ किलो पुरतील तर दुसऱ्याचे २० ते २५ किलो लागतील. हलका दगड किलोमागे दुप्पट महाग असला तरी एकूण बिल जवळपास तेवढंच येतं. वर भरीव दगडाने ८ ते १० लिटर पाणी कायमचं बाहेर जातं, टँकच्या तळावर आणि स्टँडवर दगडाचा भार दुप्पट येतो, आणि इतकं करून जीवाणूंना जागा कमीच मिळते.

तुम्ही विचारलेल्या २०-२५ किलोंचा उगमही यातच आहे. जुन्या अमेरिकन ठोकताळ्यानुसार गॅलनला १ ते २ पौंड, म्हणजे लिटरमागे साधारण १२० ते २४० ग्रॅम दगड लागायचा. तो नियम जड दगडाच्या काळातला आहे. आजच्या हलक्या, सच्छिद्र दगडाला लिटरमागे ६० ते १०० ग्रॅम पुरतात. तुमच्या टँकला म्हणजे १२ ते २० किलो, आणि क्लाउनफिशच्या एका जोडीचा भार पाहता मी १२ च्या बाजूला राहीन. कमी दगड असला की पाणी मोकळं फिरतं, दगडामागे कचरा साचत नाही, आणि काच पुसायला हात जातो. दगडांनी गच्च भरलेल्या टँकमधले नायट्रेट खाली आणणं फार त्रासाचं असतं.

आता पर्याय एकेक करून पाहू, ज्यांच्यावर रेंगाळण्यासारखं आहे त्यांच्यावरच रेंगाळत.

ग्रॅनाइट, क्वार्ट्झ, नैसर्गिक संगमरवर हे निर्धोक पण भरीव. पायाचा सपाट दगड म्हणून एखाद-दुसरा तुकडा चालेल. संगमरवराची पॉलिश केलेली फरशी नको, कारण तिच्यावर रेझिन किंवा मेण असू शकतं. स्लेटमध्ये पायराइट बऱ्याचदा असतो, ती मी टाळतो. लाव्हा रॉक स्वस्त आणि बहुधा निष्क्रिय असतो, पण धारदार असतो, आणि शेगडीसाठी विकला जाणारा असेल तर तेलकट किंवा प्रक्रिया केलेला असू शकतो. संपमध्ये मीडिया म्हणून तो ठीक, प्रवाळांच्या टँकमध्ये मुख्य दगड म्हणून माझी पसंती नाही. झऱ्यांच्या काठी साचून बनणारा टूफा हलका आणि सच्छिद्र असतो, पण त्यात माती आणि मुळांचे अवशेष खोलवर असतात. नीट साफ केला तर चांगला पर्याय आहे.

कृत्रिम सिरॅमिक दगडात फॉस्फेट नाही, कीड नाही, सच्छिद्रता चांगली. महाग असला तरी हलका असतो, तेव्हा तुलना आकारमानावरच करा. जांभळा रंग दिलेला दगड घेतलात तर एका तुकड्यावर ओला पांढरा कपडा जोरात घासून रंग सुटतो का बघा.

घरी सिमेंटचा दगड बनवणं सर्वांत स्वस्त, पण सर्वांत संथ. पांढरं पोर्टलँड सिमेंट १ भाग आणि प्रवाळाचा किंवा अ‍ॅरागोनाइटचा भरडा ३ ते ४ भाग घेतात. छिद्रांसाठी त्यात जाडं मीठ मिसळतात, ते नंतर पाण्यात विरघळून जातं. आत लोखंडी सळई किंवा तार कधीही घालू नका, ती गंजून दगड फोडते. ताज्या सिमेंटमधला चुना पाण्याचा पीएच १२ पर्यंत नेतो. म्हणून दगड आधी आठवडाभर ओलसर ठेवून घट्ट होऊ द्यायचा, मग गोड्या पाण्यात बुडवून दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं. नव्या पाण्यात ४८ तास ठेवूनही पीएच ८.५ च्या वर जात नाही, तोवर हे चालू ठेवायचं. साधारण ४ ते ८ आठवडे लागतात. घाई केली तर टँकमधलं कॅल्शियम आणि क्षारता दोन्ही पांढऱ्या गाळाच्या रूपात खाली बसतात.

खाणीतून काढलेला जीवाश्म प्रवाळी ड्राय रॉक हा मला या सगळ्यातला सर्वांत भरवशाचा पर्याय वाटतो. तो जमिनीवरच्या जुन्या प्रवाळ थरांतून येतो, जिवंत भित्तिकेला हात लागत नाही. पृष्ठभागावर माती असते, ती ब्रश आणि पाण्याच्या फवाऱ्याने निघते. कीड येण्याचा प्रश्न नाही.

आणि खऱ्या अर्थाने स्वस्त म्हणजे कुणीतरी टँक बंद करताना विकलेला जुना दगड. इथे थोडं थांबून सांगतो, कारण फायदा आणि धोका दोन्ही इथेच सर्वांत मोठे आहेत.

पहिला प्रश्न विक्रेत्याला विचारा: या टँकमध्ये माशांच्या आजारावर तांब्याचं औषध कधी टाकलं होतं का? कॅल्शियम कार्बोनेट तांबं धरून ठेवतं आणि नंतर हळूहळू सोडतं. माशांना सोसेल इतकं तांबं कोळंबीला आणि प्रवाळांना मारतं. उत्तर ‘हो’ किंवा ‘आठवत नाही’ असेल तर तो दगड घेऊ नका. धुऊन तांबं भरवशाने निघत नाही.

दुसरा प्रश्न फॉस्फेटचा. अनेक वर्षं खाद्याच्या पाण्यात राहिलेला दगड फॉस्फेट पृष्ठभागावर धरून बसतो. नव्या पाण्यात गेला की तो ते सोडू लागतो आणि तुम्ही कितीही पाणी बदललं तरी पातळी पुन्हा तिथेच येते. यासाठी टँकबाहेर चाचणी करा. ५ लिटर आरओ पाण्यात साधारण १७५ ते १९० ग्रॅम समुद्री मीठ विरघळवा, १ किलो दगड टाका, छोटा पंप लावून आठवडाभर फिरवा, मग फॉस्फेट मोजा. ०.१ पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) आत असेल तर दगड तसाच वापरा. ०.१ ते ०.३ असेल तर टँकमध्ये लोह-आधारित फॉस्फेट शोषक काही महिने चालवून निभतं. त्याहून वर गेलं तर आधी आम्ल. याच पाण्यात तांब्याच्या किटने तांबंही मोजून घ्या, किंचितही रंग आला तर दगड बाद.

साफसफाईचा क्रम ठरलेला ठेवा. दगडावर वाळलेले स्पंज, शेवाळ, किडे असतील तर आधी ब्लीच. सुगंध आणि फेस नसलेलं साधं ब्लीच १ भाग, पाणी १० भाग, दगड पाच ते सात दिवस बुडवून ठेवा. सेंद्रिय घाण सुटून जाते. मग भरपूर पाण्याने धुवा, सोडियम थायोसल्फेट (उरलेलं क्लोरीन मारणारं रसायन) घातलेल्या पाण्यात एक दिवस ठेवा, आणि उन्हात पूर्ण वाळवा. वास अजिबात येता कामा नये.

फॉस्फेट जास्त असेल तर त्यानंतर आम्लाची अंघोळ. ती दगडाचा बाहेरचा थर विरघळवते आणि फॉस्फेट मुख्यतः त्याच थरात असतं. बाजारातलं ३० टक्क्यांच्या आसपासचं हायड्रोक्लोरिक आम्ल १ भाग, पाणी १० भाग. आधी पाणी, त्यात आम्ल, उलट कधीच नाही. प्लास्टिकचा पिंप अर्ध्याहून जास्त भरू नका, फेस उसळून बाहेर येतो. काम उघड्यावर, जाड रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालूनच करा. दगड किती झिजेल याचा हिशोब आधीच करता येतो: असं १ लिटर तीव्र आम्ल साधारण अर्धा किलो दगड खातं. म्हणजे १० किलो दगडाला १ लिटर आम्ल वापरलं तर सुमारे ५ टक्के वजन जाईल. तेवढं पुरे. फसफस थांबली की आम्ल संपलेलं असतं, तरी शेवटी खायचा सोडा टाकून बुडबुडे येत नाहीत याची खात्री करा आणि मगच ते पाणी ओता. नाजूक, पातळ फांद्यांचा दगड आम्लात घालू नका.

ब्लीच आणि आम्ल यांची गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो, आणि तो जीवघेणा आहे. म्हणून मधलं धुणं, थायोसल्फेट आणि वाळवणं या पायऱ्या वगळायच्या नाहीत. दोन्ही कामांना वेगवेगळे पिंप वापरलेत तर आणखी बरं.

तितक्याच ठामपणे सांगतो: दगड उकळू नका, भट्टीत किंवा ओव्हनमध्ये तापवू नका. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटू शकतो. त्याहून वाईट म्हणजे जुन्या दगडावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ जातीचे प्रवाळ असतील तर त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन वाफेबरोबर हवेत पसरतं. ते अत्यंत तीव्र विष आहे, आणि घरात दगड उकळल्याने किंवा घासल्याने माणसं रुग्णालयात गेल्याची उदाहरणं आहेत. असा दगड घासतानाही तो पाण्याखाली ठेवा, हातमोजे घाला, तोंडावर आणि डोळ्यांवर संरक्षण ठेवा. उकळत्या पाण्याचा तांब्या दगडावरच्या प्रवाळावर ओतणं हाही त्याच धोक्याचा भाग आहे.

लाइव्ह रॉक पूर्ण सोडून द्यावा का? नाही, पण मुख्य दगड म्हणून त्याची गरज नाही. त्याच्याबरोबर जीवाणूंखेरीज सूक्ष्म कवचधारी जीव, किडे, गुलाबी-जांभळं कोरलाइन शेवाळ असं पुष्कळ काही येतं. पूर्ण ड्राय रॉकच्या टँकमध्ये पहिल्या काही महिन्यांत तपकिरी डायटम, लांब हिरवं शेवाळ, कधी चिकट डायनोफ्लॅजलेट एकामागून एक उगवतात, त्याचं एक मोठं कारण दगडावरची जागा रिकामी असणं हेच आहे. म्हणून एकूण दगडाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे तुमच्यासाठी १ ते १.५ किलो, चांगल्या चालत्या टँकमधला लाइव्ह रॉक घ्या. हे विरजण पुरतं. आणताना तो ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि त्याच दिवशी पाण्यात टाका.

त्याच्याबरोबर नको असलेलंही येतं. एप्टेशिया या छोट्या तपकिरी अ‍ॅनिमोनी, बुडबुड्यांसारखं व्हॅलोनिया शेवाळ, केसाळ खेकडे, मँटिस कोळंबी. एप्टेशिया एकही दिसली तर तो तुकडा घेऊ नका. हलणारे जीव बाहेर काढायला १.०३५ ते १.०४० विशिष्ट गुरुत्वाच्या जास्त खाऱ्या पाण्यात तुकडा काही मिनिटं बुडवा, खेकडे आणि कोळंबी बहुधा बाहेर पळतात. केसाळ ब्रिसल वर्म दिसले तर घाबरू नका, बहुतेक जाती उरलंसुरलं खाऊन सफाईच करतात.

रचना वाळू टाकण्याआधी करा. सर्वांत मोठा दगड सपाट बाजूने थेट तळावर, खाली प्लास्टिकची जाळी किंवा प्लास्टिकचाच पातळ पत्रा ठेवून बसवा. वाळूवर ठेवलेल्या दगडाखालून मासे वाळू उकरतात आणि दगड कलंडून काच तडकते. बाजूच्या काचांपासून निदान ८ ते १० सेंटिमीटर अंतर सोडा. उंच रचना नुसत्या तोलावर उभी करू नका. दगडाला भिंतीसाठीच्या ड्रिल बिटने भोक पाडून त्यात ६ ते ८ मिलिमीटरची अ‍ॅक्रिलिक कांडी घाला, किंवा सुपरग्लू आणि मत्स्यालयासाठीची इपॉक्सी पुटी एकत्र वापरा. नुसती पुटी ओल्या दगडाला नीट धरत नाही. बांधून झाल्यावर हाताने जोराने हलवून बघा. जी रचना टँकबाहेर डुगडुगते ती आतही डुगडुगणार.

तुमच्या टँकसाठी मी करीन ते असं: १० ते ११ किलो सच्छिद्र ड्राय रॉक, खाणीतला किंवा इतिहास माहीत असलेला जुना, तीन-चार मोठ्या तुकड्यांत. त्यावर १ ते १.५ किलो लाइव्ह रॉक. बागेतली चुनखडी अजिबात नाही, फारतर खाणीतल्या स्वच्छ चुनखडीचा एखादा पायाचा दगड. खाऱ्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २५ ते २७ अंश, पंप जोरात, दिवा बंद. २०० लिटरला साधारण १.२५ ग्रॅम अमोनियम क्लोराइड टाकलं की अमोनिया २ पीपीएमच्या आसपास येतो. तो ५ च्या वर नेऊ नका, जीवाणूंची वाढच अडते. अमोनिया शून्यावर आला की तेवढाच डोस पुन्हा टाका. ज्या दिवशी २ पीपीएम अमोनिया २४ तासांत संपतो आणि नायट्राइटही शून्य दिसतं, त्या दिवशी दगड तयार झाला असं समजा. याला बहुधा ३ ते ६ आठवडे जातात, थंड पाण्यात जास्त.

मग नायट्रेट २० पीपीएमच्या खाली येईपर्यंत पाणी बदला आणि क्लाउनफिशची जोडी सोडा. दिवा पहिले दोन आठवडे दिवसाला चार ते पाच तासच ठेवा. मऊ प्रवाळ दोन-तीन महिन्यांनी, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान सलग काही आठवडे स्थिर राहिल्यावर. त्याआधी एखादी साफसफाई करणारी कोळंबी सोडा. दगडात तांबं कुठे लपलं असेल तर ते तिच्यावर सर्वांत आधी दिसेल, म्हणून तिला सोडण्याच्या आदल्या दिवशी टँकच्या पाण्यातलं तांबं किटने आणखी एकदा मोजा.